बाहेरचं माप

घिवलीत त्या काळी चारचाकी एकच होती आणि ती वर्षातले दहा महिने अंगणातून हलत नसे. तरी तिची निगा अशी, की बोटवाल्यांनी येऊन शिकून घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या शाकारल्या जायच्या, त्याच दिवशी काशीबाई आपली गाडीही शाकारायची. चाकांखाली दगड, टपावर झावळ्या, झावळ्यांवर ताडपत्री. आणि नारळी पुनव जवळ आली, गावातले बाप्ये बोटींच्या इंजिनांना तेलपाणी करायला लागले, की काशीबाई लुगड्याचा काष्टा घट्ट करून गाडीखाली शिरायची. जुनं तेल घमेल्यात सोडायचं, फिल्टर बदलायचा, नवं तेल भरायचं. पहिली दोन वर्षं बाप्ये हसले. तिसऱ्या वर्षी एकाच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बसलं, तेव्हापासून हसणं थांबलं आणि 'काशीला विचार' सुरू झालं.

गाडी म्हणजे दुधी रंगाची अॅम्बेसेडर, मार्क टू. काशीबाईचा नवरा कमलाकांत मालवाहू जहाजावर डेकवरचा खलाशी. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. १९७९ साली तारापूरच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन निघाले, त्यांची ही गाडी त्याने घेतली. भावकीने कपाळाला हात लावला. ज्याच्या दारापर्यंत धड रस्ता नाही आणि जो स्वतः वर्षभर घरात नाही, त्याला गाडी कशाला? कमलाकांतने एकच उत्तर दिलं, "काशीला माहेरी न्यायचीय. पुढच्या शीटवर बसवून."

याला एक कारण होतं. काशीबाईचं माहेर दातिवऱ्याचं. घिवलीहून बोईसरला यायचं, रेल्वेने सफाळ्याला उतरायचं आणि तिथून एस.टी. धरून खाली समुद्राकडे जायचं. एकदा अशीच ती निघाली होती, कमलाकांतही बरोबर होता. सफाळ्याच्या एस.टी.त पुढच्या बाईने नाकाला पदर लावला आणि कंडक्टरने काशीबाईला उठवून दाराजवळ उभं केलं, का, तर पाटीचा वास येतो. पाटीत चिकू होते. आईला आवडतात म्हणून घेतलेले, पिकलेले चिकू. पण पाटी मासळीवालीची, तेव्हा वास यायचाच, असं त्या बाईने आधीच ठरवून टाकलं होतं. काशीबाई दातिवऱ्यापर्यंत उभी गेली आणि घरी पोचल्यावर हसत हसत आईला सगळं सांगितलं. आई, जमना तिचं नाव, हसली नाही. कमलाकांतही हसला नाही.

गाडी घेतल्याचं कळलं तेव्हा जमनाने निरोप धाडला. "दारात आलीस की भोंगा वाजव. मी ओटीवर येते. मग बघते कोन नाक धरतं ते." काशीबाईने तो निरोप किती वेळा मनात घोळवला असेल, त्याला मोजदाद नाही. तिची स्वतःची एकुलती मुलगी सातपाटीला दिलेली, नवरा पाण्यावर. घरात बोलायला माणूस नव्हतं, पण हे एक वाक्य होतं.

पण त्या पहिल्या सुट्टीत जाणं झालंच नाही. निघायचा दिवस ठरला आणि आदल्या सकाळी कंपनीची तार आली. कमलाकांत जाण्याआधी तिला गाडी चालू करायला शिकवून गेला. "इंजिन बंद रायलं की मरतं, बोटीसारखंच. दर आयतवारी चालू कर. पयला गियर टाकून फाटकापर्यंत ने, मग रिवस टाकून मागं आन. दोन गियर तुला पुरे." अंगण दहा हात. मग पावसाचे महिने सोडले तर दर रविवारी काशीबाई दहा हात पुढे आणि दहा हात मागे अशी गाडी चालवू लागली. फाटकाला पुढची पट्टी टेकायच्या आत ती ब्रेक दाबायची, बाहेरच्या रस्त्याकडे जरा बघायची आणि रिव्हर्स टाकायची.

निघताना त्याने विचारलं होतं, येताना काय आणू? जहाजावरच्या बाकीच्यांच्या बायकांच्या याद्या ठरलेल्या असत, परदेशी साड्या, अत्तरं, टेपरेकॉर्डर. काशीबाई म्हणाली, "गाडीला लागतं ते आना. तुमी आलं की तिने तयार पायजे, सुट्टीचा येक दिवस वाया जायला नको." तेव्हा कमलाकांत गाडीखाली गेला, फिल्टरचा लोखंडी डबा सोडवला, आतला कागदी फिल्टर काढला आणि डाव्या हाताची बोटं लावून माप घेतलं. सहा बोटं उंच, चार बोटं रुंद. जाळ्याचं भोक बोटांनीच मोजतात, दोन बोटी जाळं, तीन बोटी जाळं. घिवलीत जन्मलेला माणूस खिडकीचं दारसुद्धा बोटांनी मोजेल. कागदावर लिहून घ्या, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला तो अपमान वाटला असता.

पुढच्या वर्षी तो आला, पेटी उघडली आणि शर्टात गुंडाळलेला एक खोका काढून तिच्या हातात दिला. आत फिल्टर होता. कोऱ्या कागदाच्या घड्या, पिवळी पट्टी, वर कुठल्यातरी लिपीतली अक्षरं. शेजारणींनी तोंडं फिरवून हसू लपवलं. काशीबाईला मात्र भरून आलं. कुठल्या कुठल्या परक्या बंदरात हा माणूस उतरला होता आणि बाजारात बोटं लावत तिच्या गाडीसाठी सहा बोटं आणि चार बोटं शोधत फिरला होता. तिला आयुष्यात कोणी एवढ्या लांबून काही आणलं नव्हतं.

ती सुट्टी एका पुतण्याच्या लग्नात गेली. गाडीत नवरदेव बसला, वरमाय बसली, काशीबाई वरातीत चालली. कामापुरता मामा म्हणतात तशी त्या गाडीची गत होती. एरवी नावं ठेवणारी भावकी कमलाकांत आला की दारात रांग लावायची, आणि त्याला नाही म्हणता यायचं नाही. फिल्टर बसवायचा राहूनच गेला.

तो गेल्यावर पुनवेआधी काशीबाईने आदल्या वर्षीसारखा जुना फिल्टर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, नवाही बरोबर घेतला आणि सालवडला नरहरीच्या दुकानी गेली. नरहरी सफाळ्याकडचा माणूस, गाड्यांचे सुटे भाग विकायचा. त्याचा स्वभाव तऱ्हेवाईक. गिऱ्हाइकाने नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर तो फळीला हातही लावत नसे. "गाडीचं नाव तुमचे तोंडाने सांगताव. इंजिन बदललंय का नाय ते गाडी सांगते. जुना आना, दाखवा." भल्याभल्या कारखान्यांच्या ड्रायव्हरांना त्याने रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. काशीबाई पहिल्याच खेपेपासून जुना घेऊन येई, म्हणून तिला तो स्टूल पुढे करी.

"ह्ये बसवू का, सांगा," असं म्हणून तिने दोन्ही फिल्टर त्याच्यासमोर ठेवले.

नरहरीने दोन्ही शेजारी उभे केले. उंची एक. रुंदी एक. मग त्याने जुन्याच्या मधल्या भोकात अंगठा घातला, तो घट्ट बसला. नव्याच्या भोकात घातला, तो आत सैल फिरला.

"भायेरून सगला बरोबर हाय, काशीबाय. पन मदला भोक मोठा. डब्यात ह्यो बसंल, गाडी बी चालंल, तुला कलनार बी नाय. पन तेल कागदातून जायचा सोडून मदल्या फटीतून जाईल. न गालता. बारीक कीस सगला इंजिनात फिरंल, आन् येक दिस खाऊन टाकंल."

काशीबाईला हे समजायला वेळ लागला नाही. जाळं वरून कितीही लांबरुंद असो, भोक मोठं झालं की मासा राहत नाही. तिने नरहरीकडून बरोबरचा फिल्टर घेतला. परदेशी परत वर्तमानपत्रात अलगद गुंडाळला.

"नवऱ्याला लिवून कलव," नरहरी म्हणाला. "माप चुकतंय म्हनावं."

"कलवते," ती म्हणाली. पण नाही कळवलं. पत्र लिहून घ्यायला ती शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे बसली, पावसाचं लिहिलं, मुलीचं लिहिलं, आईची तब्येत लिहिली आणि शेवटी म्हणाली, "लिवा, फिल्टर येकदम बरोबर बसला." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, कान तापले. पण त्या माणसाने दहा महिन्यांत तिच्यासाठी केलेली ती एकच गोष्ट होती, ती चुकली असं कसं लिहायचं?

खोटं एकदा बोललं की त्याला दरवर्षी जेवू घालावं लागतं. बरोबर बसला म्हटल्यावर कमलाकांतने दरवर्षी त्याच मापाचा फिल्टर आणला. काशीबाई तो हातात घ्यायची, वास घ्यायची, हसायची. तो गेला की आपल्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि सालवडची बस धरायची. गाडी चालत होती, उत्तम चालत होती, आणि कमलाकांतला वाटत होतं ती आपल्या फिल्टरवर चालते.

दातिवरं मात्र दर सुट्टीत पुढे ढकललं जाई. एका वर्षी सफाळ्याकडचा साकव वाहून गेला. एका वर्षी कमलाकांतला कावीळ. एका वर्षी सगळं जुळलं होतं, काशीबाईने चिकूसुद्धा घेतले होते, तर गल्लीतल्या एकीला बाळंतपणासाठी पालघरला न्यावं लागलं आणि तीन दिवस गाडी तिकडेच राहिली. चिकू शेजारच्या पोरांनी खाल्ले. दीर नामदेव गाडी शिकला होता. तो दोनदा-तीनदा म्हणाला, "वहिनी, मी सोडतो ना दातिवऱ्याला, त्यात काय येवढं." काशीबाई मानेनेच नाही म्हणायची. नेईल तर तोच नेईल. त्याने बोललं होतं, त्याने पुरं करायचं. हट्टाला डोळे नसतात. आई मधूनमधून सफाळ्याकडच्या बाजारकरणींबरोबर विचारायची, भोंगा कधी वाजनार? काशीबाई सांगून धाडायची, येत्या सुट्टीत.

१९८७ च्या फाल्गुनात, सकाळी, दातिवऱ्याहून माणूस आला. जमना अत्यवस्थ होती.

गाडी अंगणात तयार. तेल स्वच्छ, फिल्टर बरोबरचा, टाकीत पेट्रोल. एका किल्लीत चालू झाली असती. कमलाकांत कुठल्या समुद्रावर होता कोणाला ठाऊक. नामदेव पहाटेच बोट घेऊन गेलेला. काशीबाई गाडीत जाऊन बसली, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. पहिला गियर टाकला. दहा हात पुढे, फाटकापर्यंत. तिथे ती थांबली. पुढचा गियर तिला येत नव्हता. आठ वर्षं तिने ते इंजिन जगवलं होतं आणि त्याला फाटकाबाहेर कसं न्यायचं ते कोणी शिकवलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. तिने रिव्हर्स टाकून गाडी जागेवर लावली, कारण मध्ये उभी ठेवायची नाही असा नियम होता, आणि बसच्या थांब्याकडे पळाली.

बोईसरला रेल्वे चुकली. सफाळ्याला एस.टी. उशिरा आली. ती पोचली तेव्हा आईला नेलेलं होतं. भावजय चंद्रकांता तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "सारखी रस्त्याकडं कान लावून व्हती." हे सांगायची काही गरज नव्हती, पण माणसं सांगतात.

त्या वर्षीही पुनवेआधी काशीबाईने फिल्टर बदलला. का बदलला, ते तिलाच ठाऊक नव्हतं. नरहरीने स्टूल दिलं, तिने जुना काढून दाखवला, त्याने अंगठा घालून बघितला. मग फळीवरून नवा काढून दिला.

कमलाकांत कायमचा परतला १९९० च्या चैत्रात. जहाजावर दोर ओढायच्या यंत्रात डावा हात सापडला होता आणि मधली दोन बोटं गेली होती. अॅम्बेसेडरचा गियर स्टिअरिंगच्या चाकाशेजारी, डाव्या हाताने टाकायचा. त्याने पहिल्याच दिवशी बसून बघितलं. दांडा हातात राहीना. तो उतरला, दार लावलं आणि ओटीवर जाऊन बसला.

"काशी," तो म्हणाला, "तुला बोललो ते रायलंच."

"रायलं," काशीबाई म्हणाली. आईच्या वेळी काय झालं ते तिने त्याला पूर्वीच कळवलं होतं, पण फाटकापर्यंत जाऊन परत आल्याचं पत्रात घातलं नव्हतं. तेही आता सांगितलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी गाडी शाकारायची वेळ आली. यंदा कमलाकांत घरी, तेव्हा त्यालाही हात लावायचा होता. झावळ्या बांधायला सुंभ हवं म्हणून तो आत गेला आणि दिसेल ती पेटी उघडत सुटला. काशीबाईला आठवलं तोवर उशीर झाला होता. ती आत आली तर तो जमिनीवर बसलेला आणि पुढ्यात फिल्टर मांडलेले. दहा. सगळे कोरे, काही तर खोक्यातून बाहेरही न आलेले.

"ह्ये मी आनलेले," तो म्हणाला.

"व्हय."

"मग गाडी कशावर चालली?"

"सालवडच्या."

त्याने एक फिल्टर उचलला आणि डावा हात त्याला लावला, मोजायला. सहा बोटं मोजायची तर हात दोनदा ठेवायचा, पण मधे बोटंच नव्हती. हात तसाच फिल्टरवर राहिला.

"माप तर बरोबर घेतलं व्हतं."

"भायेरचं बरोबर व्हतं. आतलं मोजलं नवतं," काशीबाई म्हणाली. ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा धरला आणि फिल्टरच्या मधल्या भोकात घातला. अंगठा सैल फिरला. तिने कोपऱ्यातला जुना, काळा, सालवडचा आणून त्यात घातला. तो घट्ट बसला.

कमलाकांतने अंगठा पुन्हा कोऱ्या फिल्टरात घालून बघितला. "सांगायचं ना गं," एवढंच म्हणाला.

"तुमी येवढ्या लांबून आनायचे," काशीबाई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. फिल्टरसाठी नव्हे. आठ वर्षं जिला येत्या सुट्टीचा निरोप धाडला, तिच्यासाठी. मग फाटकापर्यंत जाऊन परत आल्याचंही सांगितलं. दोन गियर तुला पुरे, हे वाक्य कोणाचं होतं ते दोघांनाही आठवत होतं. तिने ते उच्चारलं नाही.

त्या वर्षी पुनवेआधी दोघं मिळून सालवडला गेले. कमलाकांतने जुना फिल्टर स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. नरहरीने फळीवरून नवा काढला, तर त्याने तो हातात घेतला, उंची बघितली नाही, रुंदी बघितली नाही, आधी अंगठा घातला.

"आता शिकला," नरहरी काशीबाईला म्हणाला आणि त्याच्यासाठीही स्टूल ओढलं.

पाऊस ओसरल्यावर, ओहोटीच्या वेळी, घिवलीच्या किनाऱ्याची रेती टणक असते, तिथे कमलाकांत शेजारी बसून काशीबाईला दुसरा गियर शिकवू लागला. मग तिसरा. मग चौथा. पहिल्या दिवशी ती दहा हात जाऊन आपोआप ब्रेक दाबायची. पाय ऐकतच नसे. "फाटक नाय हितं," तो म्हणायचा. जाळी विणणारी माणसं हातातलं काम टाकून बघत बसायची. वयाच्या पन्नाशीला आलेली बाई ठाण्याला जाऊन लायसन काढून आली, ते गावाला महिनाभर पुरलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी काशीबाईने मागच्या सीटवर चिकूची पाटी ठेवली. गाडी चालू केली, पहिला गियर टाकला, दहा हात पुढे गेली आणि थांबली. कमलाकांत उतरला, फाटक उघडलं, गाडी बाहेर निघाल्यावर लावून घेतलं आणि पुढच्या सीटवर, तिच्या डावीकडे, येऊन बसला. तिला जिथे बसवायचं त्याने कबूल केलं होतं, तिथे तो बसला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघंही थोडं हसले.

बोईसर गेलं, पालघर गेलं, सफाळ्याला एस.टी. उभी होती, तिच्या बाजूने गाडी पुढे निघाली. काशीबाईने तिकडे बघितलं नाही. खारट वारा लागला तेव्हा तिचे हात चाकावर ओले झाले होते. दातिवऱ्याच्या गल्लीत तिने गाडी हळूहळू नेली आणि आईच्या दारात आणून उभी केली. दार उघडं होतं. ओटी सारवलेली, रिकामी.

"उतरू?" कमलाकांतने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली, आणि भोंगा वाजवला. एकदाच, पण लांब.

आतून चंद्रकांता हात पुसत आली, दारातच थबकली. शेजारची माणसं बाहेर आली. काशीबाई कोणाकडे बघत नव्हती. इंजिन चालू ठेवून ती ओटीच्या कोपऱ्याकडे बघत राहिली, गुडघ्याला हात लावून उठत, भिंत धरत एका म्हाताऱ्या बाईला आतून ओटीवर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मागची पाटी काढायला खाली उतरली.